थायरॉईड नॉर्मल, तरी बाई उठेना: शीहान सिंड्रोम म्हणजे नेमकं काय

टीएसएच नॉर्मल म्हणजे थायरॉईड नॉर्मल, हे आपल्याकडं आता घरोघरी पाठ झालंय. खानापूर असू दे, निपाणी असू दे, नाहीतर चंदगडकडून बेळगावला दवाखान्यासाठी येणारी माणसं असू देत, बाईला थकवा आला की पहिली टेस्ट टीएसएचची, आणि तो नॉर्मल आला की ‘काही नाही मावशी, वयाचं आहे, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून रक्तवाढीच्या गोळ्या आणि एखादं टॉनिक. बहुतेक वेळा ते बरोबरच असतंय. पण एक आजार असा आहे की टीएसएचचा आकडा कागदावर चांगला दिसतोय आणि आत थायरॉईडचं काम पार बसलेलं असतंय, थायरॉईडचंच काय, अजून तीन चार हॉर्मोनचं पण, आणि ह्या सगळ्याचं मूळ सापडतंय पंधरा वीस वर्षांपूर्वीच्या एका बाळंतपणात.

शीहान सिंड्रोम म्हणतात त्याला. फाईलवर पुष्कळदा हे नाव नसतंच, ‘पॅनहायपोपिट्युटॅरिझम’ असा एका दमात वाचता न येणारा शब्द लिहिलेला असतोय. मग घरातला कॉलेजला जाणारा पोरगा तो मोबाईलवर टाकतोय, तिथं मेंदू, गाठ, ऑपरेशन असलं काहीबाही निघतंय आणि सगळं घर रात्रभर जागं. म्हणून हे लिहायला घेतलं. मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये काम करतो, रक्त काढायचं आणि आकडे छापून द्यायचे हे माझं काम, त्यामुळं खालचं सगळं समजून घेण्यापुरतं आहे, गोळी चालू करायची का बंद करायची ते तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं.

आधी तो लांब शब्द संपवून टाकू. पिट्युटरी ही मेंदूच्या खाली, दोन डोळ्यांच्या मागच्या बाजूला हाडाच्या एका छोट्या खोबणीत बसलेली ग्रंथी आहे, हरभऱ्याएवढी, वजन अर्धा ग्रॅमच्या आसपास. तिचं काम कमी पडलं की हायपोपिट्युटॅरिझम, आणि तिची सगळी नाहीतर बहुतेक हॉर्मोन कमी पडली की पुढं ‘पॅन’ लागतंय. झालं, एवढंच आहे त्यात. हे व्हायला कारणं बरीच असतात, पिट्युटरीची गाठ, त्या गाठीचं ऑपरेशन, रेडिएशन, डोक्याला जबर मार, टीबीचा मेंदूज्वर, आणि शेतात राबणाऱ्यांना ऐकून आश्चर्य वाटेल पण घोणस चावून वाचलेल्या माणसातपण पिट्युटरी खराब झालेली आढळलीय, आपल्या देशात आणि ब्रह्मदेशात अशा बऱ्याच केस नोंदलेल्या आहेत. बाळंतपणातल्या रक्तस्रावामुळं झालं तर त्याला शीहान म्हणायचं.

आता ही एवढीशी ग्रंथी करते काय? आपल्या भागात ऊसतोडीची टोळी सगळ्यांनी बघितलीय, त्यात मुकादम असतो. तो स्वतः कोयता हातात घेत नाही, पण त्यानं हाक मारल्याशिवाय टोळी फडात उतरत नाही. पिट्युटरीचं बरंचसं तसंच आहे. गळ्यातली थायरॉईड, किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी, बाईच्या अंडाशयातल्या ग्रंथी, ह्या सगळ्या धडधाकट असतात, पण पिट्युटरीकडून निरोप आला तरच कामाला लागतात. थायरॉईडला जाणारा निरोप म्हणजे टीएसएच. ॲड्रिनलला जाणारा एसीटीएच, तो गेला की कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉईड, तयार होतंय. अंडाशयाला एफएसएच आणि एलएच, त्यांच्यावर पाळी. शिवाय प्रोलॅक्टिन, ज्याच्यामुळं बाळंतिणीला दूध येतं, आणि ग्रोथ हॉर्मोन, जे मोठ्या माणसातपण ताकदीसाठी, स्नायूंसाठी लागतंय.

बाळंतपणाचा आणि ह्या ग्रंथीचा संबंध काय, असं कुणीपण विचारेल. संबंध असा की गरोदरपणात ही ग्रंथी फुगते, दूध तयार करायला लागणाऱ्या प्रोलॅक्टिनच्या पेशी त्या काळात वाढतात म्हणून. आकार वाढला पण खोबण तेवढीच, आणि रक्ताचा पुरवठापण तेवढाच. त्यातून तिच्या पुढच्या भागाला रक्त येतंय ते मुख्यतः बारीक शिरांच्या जाळ्यातून, कमी दाबानं. एरवी चालून जातंय. पण बाळंत होताना किंवा झाल्या झाल्या भरमसाट रक्त गेलं, बीपी खाली आलं, बाई पांढरीफट्ट पडली, बेशुद्ध झाली, तर सगळ्यात आधी उपाशी राहणाऱ्या जागांपैकी ही एक. रक्त मिळालं नाही की त्या पेशी मरतात, आणि मेलेल्या परत येत नाहीत. ग्रंथीच्या मागच्या भागाला वेगळ्या धमनीतून रक्त येतं म्हणून तो बहुतेक वेळा वाचतो.

ह्याच्यावर नीट काम केलं ते हॅरॉल्ड शीहान नावाच्या इंग्रज पॅथॉलॉजिस्टनं, स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात तो शवविच्छेदन करायचा, बाळंतपणात गेलेल्या बायकांच्या पिट्युटरी त्यानं तपासल्या आणि 1937 मध्ये ते छापलं. त्याच्या आधी 1913 ला पोलंडच्या ग्लिन्स्कीनं आणि 1914 ला जर्मनीच्या सिमंड्सनं अशी मेलेली पिट्युटरी बघून लिहून ठेवलं होतं, पण रक्तस्रावाशी धागा शीहाननं पक्का जोडला. आता त्या देशांत हा आजार क्वचितच दिसतो, कारण तिथं बाळंतिणीला तेवढं रक्त जाऊच देत नाहीत. आपल्या देशात मात्र गोष्ट वेगळी. काश्मीरमध्ये केलेला एक अभ्यास 2005 साली छापून आला, त्यात वीस वर्षांवरच्या, मूल झालेल्या बायकांत ह्याचं प्रमाण सुमारे 3 टक्के निघालं, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त बायका घरी बाळंत झालेल्या. तोच आकडा बेळगाव जिल्ह्याला लावायचा नाही, पण घरची बाळंतपणं आपल्याकडंपण काही फार जुनी गोष्ट नाही. सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकात दवाखान्यात होणारी बाळंतपणं आता 97 टक्क्यांच्या घरात दिसतात, पण 2005-06 ला तीच पाहणी 65 टक्क्यांच्या आसपास दाखवत होती. म्हणजे तेव्हा तिघींतली एक घरीच. त्या बायका आज कुठं आहेत? चाळीशी पन्नाशीत, आपल्याच घरात.

बाळंतिणीच्या खोलीतच पहिली खूण दिसते

समजा खानापूरच्या जंगलाकडच्या एखाद्या गावातली बाई आहे. दुसऱ्या की तिसऱ्या बाळंतपणाला सुईण होती, पावसाळ्याचे दिवस, वार लवकर पडली नाही, रक्त थांबेना, गाडी मिळेपर्यंत चादरी भिजल्या, दवाखान्यात पोचल्यावर दोन तीन बाटल्या रक्त चढवलं आणि बाई वाचली. सगळे म्हणाले देवानं वाचवलं. ते खरंच आहे. पण त्यानंतर तिच्या अंगावर दूध उतरलं नाही. आपल्याकडं मग काय होतंय ते सांगायला नको, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी, कुणीतरी नजर काढतंय, आणि सासू म्हणते हिला खायला जात नाही म्हणून दूध नाही. बाळ वरच्या दुधावर वाढलं. दूध का आलं नाही हे कुणी विचारलंच नाही, कारण बाई जिवंत होती आणि बाळ ठीक होतं.

मग पाळी. सहा महिने, वर्ष, दोन वर्षं, पाळी आलीच नाही. ती बाई तक्रारपण करत नाही, उलट बरं झालं एक कटकट गेली असं वाटतंय तिला, आणि तिशी बत्तिशीत पाळी थांबली तर शेजारीण सांगते की काही काही जणींची लवकर जाते. काखेतले आणि खालचे केस हळूहळू विरळ होत जातात, ही गोष्ट तर कोण कुणाला सांगणार! हा आजार उशिरा सापडतो त्याला ही लाज हे एक मोठं कारण आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण दूध नाही, पाळी नाही, केस गेले ह्या तीन गोष्टी बाईनं एका श्वासात डॉक्टरपुढं बोलल्या तर जाणकार डॉक्टरच्या डोक्यात लगेच घंटी वाजते, पण ती बोलते काय, तर ‘अंगात ताकद नाही’. आणि बाजूला नवरा नाहीतर दीर उभा, डॉक्टर कन्नड बोलणारे, हिला कन्नड कळतंय पण असल्या गोष्टी बोलण्याइतकी जीभ वळत नाही.

बाकीची लक्षणं वर्षानुवर्षं सावकाश येतात. थंडी सोसत नाही, उन्हाळ्यातपण स्वेटर. पोट साफ होत नाही. आवाज जड होतो, बोलणं संथ होतं. चेहरा फिका, मेणचट, डोळ्याजवळ ओठाजवळ बारीक सुरकुत्या, बाई चाळीसची असून साठीची वाटते. बीपी कायम कमी. उपास केला की घाम येऊन चक्कर, कारण साखर खाली जाते. रक्त कमी, आणि लोहाच्या गोळ्या कितीपण खाल्ल्या तरी पुरतं भरून येत नाही. कामात मन लागत नाही, नवऱ्याजवळ जायची इच्छा नाही, विसरायला होतं. ह्यातलं एकेक लक्षण घेतलं तर कुणालापण लागू होईल असलंच आहे. म्हणून बाई मेडिसिनवाल्याकडं जाते, स्त्रीरोगवाल्याकडं जाते, कुणी मानसोपचारवाल्याकडं पाठवतंय, मिरज झालं, कोल्हापूर झालं, गोव्याला बांबोळी झालं, आणि फाईल जाड होत गेली.

सगळ्याच जणींना सगळंच होतं असं नाही. ग्रंथीचा साधारण पाऊण भाग गेल्याशिवाय लक्षणं फारशी उठून दिसत नाहीत. थोडीच खराब झाली असेल तर पाळी चालू राहते, पुढचं मूलपण होतं, आणि मग तर कुणाला संशय यायचं कारणच उरत नाही.

टीएसएच का फसवतो

साध्या थायरॉईडच्या आजारात थायरॉईड स्वतः ढिली पडते. टोळी काम करत नाही म्हटल्यावर मुकादम ओरडायला लागतो, म्हणून टीएसएच वाढतो, दहा, वीस, पन्नास, शंभर. हे आम्ही लॅबवाले रोज बघतो आणि म्हणून नुसत्या टीएसएचवर सगळ्यांचा भरवसा बसलाय. शीहानमध्ये मुकादमच आजारी. थायरॉईडचं हॉर्मोन रक्तात कमी आहे तरी ओरडणार कोण? टीएसएच कमी येतो, किंवा नॉर्मल येतो, कधी कधी तर नॉर्मलच्या जरासा वरपण असतो पण तो नुसता आवाज, कामाचा नाही. खरी परिस्थिती कळायची असेल तर टीएसएचच्या सोबत फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉईडनं बनवलेलं हॉर्मोन रक्तात किती आहे तो आकडा, बघायला पाहिजे. फ्री टी-फोर कमी आणि टीएसएच वाढलेला नाही, ही जोडी दिसली की नजर गळ्यावरून वर पिट्युटरीकडं न्यायची. स्वस्तातलं पॅकेज म्हणून नुसता टीएसएच करणाऱ्यांना मी दोष देत नाही, दहातल्या बहुतेकांना तेवढं पुरतंय, पण बाळंतपणात रक्त गेल्याची हकीकत असेल तर ते पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

असाच अजून एक आकडा आहे जो लोक बघत नाहीत, तो म्हणजे एफएसएच. बाईची पाळी वयानं गेली की अंडाशय काम बंद करतं आणि पिट्युटरी जोर लावते, म्हणून पन्नाशीनंतर एफएसएच चांगलाच चढलेला असायला पाहिजे. पंचावन्न वर्षांच्या बाईचा एफएसएच दोन-तीन आला तर तो ‘छान कमी आहे’ म्हणून सोडून द्यायचा आकडा नव्हे. प्रोलॅक्टिनचं तसंच, ते वाढलं की सगळे धावपळ करतात, अगदी तळाला गेलं तर कुणी बघत नाही.

आणि सोडियम. हा तर खरा चुगलखोर. नॉर्मल 135 ते 145, आणि ह्या बायकांचं कधी 120, कधी 110 पर्यंत उतरलेलं असतंय, कारण कॉर्टिसोल आणि थायरॉईड दोन्ही कमी असले की शरीराला जादाचं पाणी बाहेर टाकता येत नाही. बाई गुंगीत जाते, बडबडते, झटका येतो, ॲडमिट करतात, सलाईननं सोडियम वर आणतात, घरी पाठवतात, आणि सहा महिन्यांनी परत तेच. वयस्कर बाईचं सोडियम पुन्हा पुन्हा पडत असेल तर बीपीच्या गोळीपासून किडनीपर्यंत कारणं पुष्कळ असतात हे खरं, पण त्या यादीत बाळंतपणाचा प्रश्न असायलाच पाहिजे. पोटॅशियम मात्र शीहानमध्ये सहसा ठीक असतंय, कारण ते सांभाळणारं ॲड्रिनलचं दुसरं हॉर्मोन पिट्युटरीवर फारसं अवलंबून नाही. ॲड्रिनल ग्रंथीच खराब होतात तो ॲडिसनचा आजार वेगळा, आपल्या देशात तो टीबीमुळंपण होतो, त्यात पोटॅशियम वाढतं आणि माणूस काळवंडतो. शीहानची बाई उलट फिकी पडते.

कॉर्टिसोलची टेस्ट सकाळी आठच्या सुमाराला रक्त काढून करायची असते, कारण ते पहाटे चढतं आणि दिवसभर उतरत जातं. ही गोष्ट आमच्या धंद्यातली डोकेदुखी आहे, चंदगडहून पहिली एसटी धरून आलेली बाई लॅबला पोचेपर्यंत उशीर झालेला असतोय, आणि दुपारी बारा वाजता काढलेल्या कॉर्टिसोलवरून कुणाला काही सांगता येत नाही. जमलं तर आदल्या रात्री पै-पाहुण्यांकडं उतरा. आणि आधीपासून स्टिरॉईडची गोळी, इंजेक्शन, सांधेदुखीची पुडी असलं काही चालू असेल तर सांगा, लपवू नका, त्यानं आकडा पार बदलतो. सकाळचं कॉर्टिसोल (डेसिलिटरला मायक्रोग्रॅम ह्या मापात) 3 च्या खाली असेल तर कमतरता जवळपास नक्की, 15-18 च्या वर असेल तर बहुधा नाही, आणि अधलंमधलं आलं तर इंजेक्शन देऊन पुन्हा मोजायची टेस्ट करतात. शेवटी एमआरआय. त्यात ती हाडाची खोबण रिकामी दिसते, ग्रंथी आकसून तळाला चिकटलेली, रिपोर्टवर ‘एम्प्टी सेला’ लिहितात. हे वाचून घाबरायचं नाही, गाठ नाही असाच त्याचा अर्थ. आणि एम्प्टी सेला दिसलेल्या प्रत्येकाला शीहान असतो असंपण नाही, कित्येक लोकांची हॉर्मोन व्यवस्थित असूनपण एमआरआयमध्ये तसं दिसतं.

गोळ्या कुठल्या, आणि आधी कुठली

जी हॉर्मोन शरीर बनवत नाही ती बाहेरून द्यायची, उपचार एवढाच आहे, पण त्यात क्रम आहे आणि तो चुकला तर जिवावर बेततं. आधी कॉर्टिसोलच्या जागी स्टिरॉईड, मग थायरॉईडची गोळी. उलटं केलं, म्हणजे फ्री टी-फोर कमी दिसला म्हणून थेट थायरॉक्सिन चालू केलं, तर शरीराचा वेग वाढतो, असलेलं थोडंफार कॉर्टिसोल अजून लवकर संपतं आणि बाई कोसळू शकते. म्हणून पिट्युटरीचा संशय असेल तर कॉर्टिसोल बघितल्याशिवाय थायरॉईडची गोळी चालू करत नाहीत.

स्टिरॉईड म्हटलं की आपली माणसं बिचकतात. हाडं ठिसूळ होतात, तोंड सुजतं. त्यात खोटं काही नाही, महिनोन् महिने जास्त डोस घेतला तर होतंच, आणि गावोगावच्या सांधेदुखीच्या पुड्यांनी किती लोकांची वाट लावलीय ते आपण बघतोच. पण इथं गोष्ट वेगळी. निरोगी माणसाचं शरीर रोज जेवढं कॉर्टिसोल बनवतं साधारण तेवढंच, दिवसाला 15 ते 20 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दोन-तीन वेळात वाटून, किंवा प्रेडनिसोलोनची लहान गोळी. खेड्यातल्या मेडिकलमध्ये हायड्रोकॉर्टिसोनची गोळी नेहमी मिळतेच असं नाही, त्यामुळं बरेच डॉक्टर प्रेडनिसोलोनच लिहितात, ती स्वस्तपण पडते. ही गोळी जन्मभर. बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही, कुणी नातेवाईक म्हणाला स्टिरॉईड वाईट म्हणून बंद करायची नाही, झाडपाल्याचं औषध चालू केलं म्हणून तर अजिबातच नाही.

ताप आला, जुलाब लागले, अपघात झाला, दात काढायचाय, ऑपरेशन आहे, अशा वेळी निरोगी शरीर आपोआप कॉर्टिसोल वाढवतं, हिचं वाढवत नाही, म्हणून गोळीचा डोस त्या दोन-तीन दिवसांपुरता दुप्पट नाहीतर तिप्पट करायचा असतो, किती आणि कसा ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायचं. उलट्या होऊन गोळी पोटात राहतच नसेल तर घरी थांबायचं नाही, सरळ दवाखाना, तिथं हायड्रोकॉर्टिसोनचं 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाईन. रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या नवीन डॉक्टरला हा आजार डोक्यात येईलच असं नाही, म्हणून पर्समध्ये, मोबाईलच्या कव्हरमागं एक चिठ्ठी ठेवा: पिट्युटरीचा आजार आहे, स्टिरॉईडवर आहे, इंजेक्शन लागेल. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत लिहा, सीमाभागात राहतो आपण, कुठल्या बाजूच्या दवाखान्यात नेतील काय सांगावं.

उपासाचं पण तसंच. नवरात्रात निर्जळी, संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काही नाही, यल्लम्माला सौंदत्तीपर्यंत चालत, हे आपल्या बायकांच्या अंगवळणी पडलेलं. गोळीला उपास नाही एवढं लक्षात ठेवायचं, आणि उन्हातान्हात लांब चालायचं असेल, घाम जाणार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून. देवीला ह्यात राग यायचं काही कारण नाही.

थायरॉक्सिनचा डोस बसवताना मात्र परत त्या टीएसएचकडं बघायचं नाही, फ्री टी-फोर बघायचा. मी असे कागद बघितलेत की गोळी व्यवस्थित चालू आहे, टीएसएच अगदी शून्याजवळ, आणि कुणीतरी ‘डोस जास्त झालाय’ म्हणून गोळी निम्मी केलीय. ज्यांना पिट्युटरीचा आजार आहे त्यांनी लॅबमध्ये येतानाच सांगावं की मला फ्री टी-फोर पाहिजे. पन्नाशीच्या आतल्या बाईला पाळीची हॉर्मोनपण देतात, ती नुसती पाळी यावी म्हणून नसतात, हाडं टिकावीत हा मोठा हेतू. मूल पाहिजे असेल तर इंजेक्शनं देऊन ते होऊ शकतं, काहींना आपोआपपण राहिलेलं आहे. ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं महागडी, रोज टोचायची, ती आपल्याकडं फारशा कुणाला देत नाहीत आणि त्यावाचून काम अडत नाही.

फरक किती दिवसांत? स्टिरॉईडचा काही दिवसांतच, भूक लागते, बीपी सुधारतं, बाई उठून बसते. थायरॉईडचा काही आठवड्यांत. गेलेले केस आणि दूध ह्यांचं मात्र फार काही होत नाही.

बेळगावचं काम

आता एक गोष्ट जी आपल्याच जिल्ह्यातल्या लोकांना ठाऊक नसते. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवण्यावरचं जगभर नावाजलेलं काम इथंच झालंय, आपल्या खेड्यांत. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या लोकांनी अमेरिकेतल्या डॉक्टरांबरोबर मिळून 1620 बायकांवर अभ्यास केला, बेळगाव जिल्ह्यातल्या गावांत, घरी नाहीतर उपकेंद्रात नर्सबाईंच्या हातून होणारी बाळंतपणं. मूल झाल्या झाल्या निम्म्या जणींना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, 600 मायक्रोग्रॅम, तोंडावाटे, आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या. रक्त किती गेलं ते अंदाजानं सांगायचं नाही म्हणून अंगाखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी अंथरून मोजलं. औषध न मिळालेल्यांत 12 टक्के बायकांचं रक्त अर्ध्या लिटरच्या वर गेलं, औषध मिळालेल्यांत 6.4 टक्के. एक लिटरच्या वर जाणाऱ्या 1.2 टक्क्यांवरून 0.2 वर आल्या. 2006 ला ते लॅन्सेट ह्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं, आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं रक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. फ्रिज लागत नाही, सुई लागत नाही, ही त्या गोळीची खरी कमाई. दवाखान्यात ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन पहिलं, ते मिळत असेल तर तेच.

मला ह्यात ती पिशवी फार महत्त्वाची वाटते, कारण ‘थोडं जास्त गेलं’ आणि ‘लई गेलं’ ह्याच्यात डोळ्यांनी फरक कळत नाही, चादरीत, फरशीवर, रॉकेलच्या उजेडात तर नाहीच. आणि आज वीस वर्षांनी जेव्हा डॉक्टर विचारतात की बाळंतपणात रक्त किती गेलं होतं, तेव्हा कागद कुणाकडंच नसतोय. मग विचारायचे प्रश्न बदलावे लागतात. रक्ताची बाटली चढवली होती का? बेशुद्ध झाला होता का? बाळाला अंगावर पाजलं का? त्यानंतर पाळी कधी आली? आई, सासू, मोठी जाऊ, ह्यांना नक्की आठवतंय, त्यांनाच सोबत न्या, नवऱ्याला जरा बाहेर चहाला पाठवा. आणि डॉक्टरपुढं बसल्यावर ‘अंगात ताकद नाही’ इथून सुरुवात न करता सरळ सांगायचं, ‘डॉक्टर, माझ्या दुसऱ्या बाळंतपणात रक्त लई गेलं होतं, बाटल्या चढवल्या, नंतर दूध आलं नाही आणि पाळीपण आली नाही’. कन्नड येत नसेल तर हे एकच वाक्य कुणाकडून तरी कागदावर कन्नडमधून लिहून न्या. हॉर्मोनच्या डॉक्टरांना एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणतात, ते बेळगावात, हुबळीत, कोल्हापुरात मिळतात, पण पहिला संशय साध्या एमबीबीएस डॉक्टरनंपण घेतला तरी भागतंय.

रिपोर्ट हातात आल्यावर बायका सगळ्यात आधी विचारतात ते एकच, माझ्या मुलीला हे होईल काय. हा आजार रक्तातून उतरत नाही. मुलीचा संबंध फक्त तिच्या स्वतःच्या बाळंतपणाशी: हिमोग्लोबिन सातव्या महिन्याच्या आत भरून घ्यायचं, तायी कार्डावर (गरोदर बाईला मिळणारं सरकारी कार्ड) रक्तगट लिहिलेला आहे का बघायचं, आणि बाळंत व्हायला अशा ठिकाणी न्यायचं की जिथं रक्ताची सोय आहे.